रेनोचा गुडघा आणि बँकेचा हप्ता

इल्मारी, मिनेसोटा
९ एप्रिल २०२४

चि. रेनो यास,
अ. उ. आ.

चौसष्टाव्या वर्षी चिरंजीव म्हणवून घ्यायला लाज वाटत असेल, तर आधी माझ्यापेक्षा मोठा होऊन दाखव. फोनवर तुला अर्धंच ऐकू येतं आणि कानातलं यंत्र तू खणात ठेवतोस, तेव्हा पत्रच बरं.

मी शनिवारी सुखरूप पोचले. इथे अजून ढोपरभर बर्फ आहे आणि मी तुझ्या वाळवंटातल्या सुती जाकिटात बसच्या थांब्यावर अर्धा तास कुडकुडले. घरी आले तर दारापर्यंतची वाट कुणीतरी नीट उपसून ठेवलेली, पायरीवर मीठही टाकलेलं. पोस्टमनचं काम असेल. शेजारची अल्बिना झुपानचिच काही फावडं हातात घेणार नाही. तुझ्या मेहुण्यानं, वायनोनं, तिच्या फाटकापुढे बर्फ लोटला त्याला अकरा वर्षं झाली, तो बिचारा जाऊनही चार झाली, पण तिचं तोंड अजून दुसरीकडेच असतं. माझंही असतं म्हणा. हिवाळाभर बाहेर जाणारानं किल्ली शेजारी द्यायची ही आपल्या गल्लीची रीत, पण तिला कशी देणार? म्हणून तर पोस्टात अर्ज करून सगळं टपाल सहा महिने तुझ्या पत्त्यावर वळवलं होतं. ते आता पुन्हा इकडे वळवलंय.

गावात मी तुझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनचंच सांगितलंय. फक्त उजवा की डावा हे आपण ठरवलंच नव्हतं. मी चर्चमध्ये उजवा म्हणाले आणि दुकानात डावा. आता दोन्ही म्हणावे लागतील. व्यसनमुक्ती केंद्राचं नाव या गावात माझ्या तोंडून निघायचं नाही, याबद्दल निश्चिंत राहा. झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि ती झाकलेलीच ठेवायला आता कारणही आहे. अग्निशमन दलाच्या पोरांनी निरोप दिलाय की चार जुलैला स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीत जुन्या लाल बंबावर तुला बसवायचं ठरलंय. बावीस वर्षं त्यांचा प्रमुख होतास, हक्कच आहे तुझा. ताठ मानेनं ये.

एक किरकोळ गोष्ट. काल बँकेचं पत्र आलं. घराचा हप्ता सहाशे अठ्ठ्याऐंशी डॉलर होता तो एक जूनपासून नऊशे सेहेचाळीस होणार म्हणे. कुणाच्या तरी हातून आकडा चुकला असणार. फोन करीन म्हणते.

जेवत जा. सकाळचं फिरणं सोडू नकोस. लोभ आहेच, त्याला उन्हात वाळू देऊ नकोस.

तुझी ताई,
आयली



टूसॉन, ॲरिझोना
१७ एप्रिल २०२४

ती. आयलीताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. आज एकशे एकोणऐंशी दिवस झाले, एक थेंब नाही. हे पहिल्याच ओळीत लिहितो, कारण तू बाकीचं पत्र तेवढ्यासाठीच वाचतेस. केंद्रातली गुरुवारची बैठक चुकवलेली नाही. तू गेल्यापासून स्वयंपाकघर मात्र ओसाड पडलंय. वेलचीचा पाव मी करून पाहिला, त्याची वीट झाली. शेजारचा म्हातारा म्हणाला की दार उघडं ठेवायला अडसर म्हणून बरा आहे.

गुडघा डावा. लक्षात ठेव. नाहीतर मला चार जुलैला दोन्ही पायांनी लंगडावं लागेल.

बंबाचं वाचून मी दोनदा अंगणात जाऊन आलो. येईन.

पण तू ज्याला किरकोळ म्हणतेस ते किरकोळ नाही. महिन्याला अडीचशेच्या वर वाढ! पंधरा वर्षं हप्त्यात एका पैचा फरक पडणार नाही असं वायनोनं मला छातीठोकपणे सांगितलं होतं. घर तापवायची नवी भट्टी आणि त्याची औषधं यांसाठी काढलेलं कर्ज ते, व्याज कायमचं बांधलेलं. मग हे कुठून उपटलं? कौंटीची घरपट्टी वाढली का विमा? ते पैसे बँकच आपल्याकडून महिन्याच्या महिन्याला गोळा करते आणि परस्पर भरते ना? एस्क्रो की काय म्हणतात त्याला. तेव्हा नुसता फोन करू नकोस, जाऊन टेबलासमोर बस. तुला कुणी उठवू शकत नाही हे मला अनुभवानं ठाऊक आहे.

सोबत तीनशेचा चेक आहे. परत पाठवलास तर मी पुन्हा पाठवीन, आणि दोघांचे मिळून पोस्टाची तिकिटंच फार खर्च होतील.

आशीर्वाद असू दे. नेहमी असतो, तरी मागतो.

तुझा
रेनो



इल्मारी
६ मे २०२४

चि. रेनो यास,
अ. उ. आ.

चेक परत पाठवते आहे. तिकिटांचा खर्च मला परवडतो.

बँकेत फोन लावला. पन्नास मिनिटं बाजा ऐकवला, मग एक फार गोड आवाजाची मुलगी आली. तिनं मला तीनदा समजावलं आणि तिसऱ्यांदा मला खरंच समजलं. कर्ज तेवढंच आहे, व्याज तेवढंच आहे, त्याला कुणी हात लावलेला नाही. पण घरपट्टी आणि विमा यांचं जे खातं ते चालवतात, त्यात खड्डा पडलाय. विमा कंपनीनं गारपिटीनंतर दर चढवले, त्यात आपलं छप्पर जुनं. आणि घरपट्टीही भसकन वाढली. आता पुढच्या वर्षाची वाढ घ्यायची आणि शिवाय हा खड्डाही बारा महिन्यांत बुजवून घ्यायचा, म्हणून एकदम एवढा आकडा. मी म्हटलं की बाई, हे तर नाकापेक्षा मोती जड झालं. ती म्हणाली की तिच्या हातात काही नाही, बिल येईल तेवढं बँक भरते. घरपट्टीचं काय ते कौंटीला विचारा.

म्हणून कौंटीच्या कार्यालयातही जाऊन आले. सगळ्यांचीच घरपट्टी वाढलीय असं दिसतं. त्यात काही करण्यासारखं नाही, तेव्हा तो विषय संपला.

माझी पेन्शन तुला माहीत आहे. शाळेच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं कढया ढवळल्या त्याचे महिन्याला सतराशे चाळीस येतात. त्यातले नऊशे सेहेचाळीस हप्त्यात गेले की उरलेल्यात हिवाळ्याचा गॅस बसत नाही, कितीही स्वेटर घातले तरी. वायनोची होडी विकली. ज्यानं घेतली तो मुलगा बरा वाटला. निदान होडीखाली वाकून तळ पाहिला त्यानं. त्या पैशांत दिवाळखोरी थोडी पुढे ढकलली जाईल, एवढंच. म्हणून पाण्याच्या टाकीजवळ वयस्कर लोकांसाठी जी घरं बांधलीत तिथे नाव घातलं. दोन खोल्या आहेत, गरम पाणी त्यांचं, बर्फही तेच काढतात. तीस जूनपर्यंत होय की नाही कळवायचंय. घरांचा दलाल परवा आला होता. त्यानं अंगणातला सौना, आपली वाफेची न्हाणी, पाहिला आणि म्हणाला की हल्ली लोकांना तिथे गाडी ठेवायला जागा हवी असते. वायनोनं त्याची एकेक फळी रंधून बसवली होती. मी त्याला कॉफी विचारली नाही.

घर मला एकटीला मोठंच होतं. तू आता याचा ध्यास घेऊ नकोस. तू बरा राहा, चार जुलैला बंबावर बस, मला दुसरं काही नको.

आठवण ठेवतोसच, तशीच ठेव.

तुझी ताई,
आयली



इल्मारी
२० मे २०२४

रेनो यास,
स. न. वि. वि.

अक्षर ओळखलं नसशील. मी अल्बिना झुपानचिच. चौथीत तुझ्या पुढच्या बाकावर बसत होते आणि तू माझी वेणी शाईत बुडवली होतीस. तुझी बहीण माझ्याशी बोलत नाही, पण तिच्याबद्दल तुला लिहायला मला कुणाची परवानगी लागत नाही.

ती घर विकते आहे. कारण तिनं तुला सांगितलं नसणार, म्हणून मी सांगते. या महिन्याच्या पहिल्या गुरुवारी मी गाडीच्या नंबराच्या पाटीसाठी कौंटीच्या कार्यालयात गेले होते. रांगेत ती माझ्या पुढे होती, आणि काचेमागची पोरगी जरा मोठ्यानं बोलते. मालक स्वतः ज्या घरात राहतो त्याला घरपट्टीत सवलत असते, हे तुला ठाऊक आहे. तर गेल्या नोव्हेंबरात आमच्या गल्लीत प्रत्येकाला एक पिवळं कार्ड आलं होतं. या घरात तुम्हीच राहता का, होय लिहा, सही करा, परत पाठवा. दोन मिनिटांचं काम. पण त्या कार्डावर छापलेलं असतं की माणूस पत्त्यावर नसेल तर ते दुसरीकडे पाठवू नये, कौंटीकडेच परत यावं. दुसरीकडे राहून सवलत लाटणारे पकडायची त्यांची ती युक्ती आहे. तुझ्या बहिणीनं टपाल तुझ्याकडे वळवलेलं, तेव्हा कार्ड तुझ्यापर्यंत न येता उलट्या पावली माघारी गेलं. कौंटी म्हणाली की बाई इथे राहत नाही, आणि सवलत काढली. चोर सोडून संन्याशाला फाशी ती ही. किल्ली माझ्याकडे दिली असती तर मी तिला कार्ड आलंय म्हणून कळवलं नसतं का? भांडण भांडणाच्या ठिकाणी.

सवलत परत मिळते. काचेमागच्या पोरीनं फॉर्मसुद्धा दिला. पण ती म्हणाली की तारीख उलटून गेलीय, तेव्हा अर्ज मंडळापुढे जाईल, पंचवीस जूनच्या सभेत. घरी का नव्हता ते कारण लिहायचं, पुरावा जोडायचा. सभा सगळ्यांना खुली. कारकून कारण मोठ्यानं वाचतो आणि मग ते साप्ताहिकात छापून येतं. आयलीनं विचारलं की नुसतं घरगुती कारण लिहून चालेल का. पोरगी म्हणाली की नाही, कुठे होता आणि कशासाठी, ते सगळं लागेल, कागदांनिशी. तुझी बहीण फॉर्मकडे बघत उभी राहिली. मग तिनं त्याची नीट चौपदरी घडी केली आणि जाताना दारापाशी कचऱ्याच्या टोपलीत टाकला.

मी तो उचलला. सोबत आहे. त्यावर कॉफीचा डाग आहे तो माझा नाही.

तुझ्या गुडघ्याबद्दल मी काही विचारत नाही. काय करायचं ते तू ठरव, पण पंचवीस जूनच्या आत. आणि मी लिहिलं हे तिला कळवू नकोस, नाहीतर पुढची अकरा वर्षं लागतील.

जुन्या ओळखीचा लोभ उरला असेल तर तो इकडे खर्च कर.

अल्बिना



टूसॉन
३ जून २०२४

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

दोनशे सव्वीस दिवस.

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहितो आहे. पहिली दोन रागाची होती, ती फाडली. हेही थोडं आहेच, पण दिवस थोडे उरलेत.

मला सगळं कळलंय. कसं ते विचारू नकोस. सगळ्यांची घरपट्टी वाढलेली नाही, तुझी एकटीची वाढली, आणि ती माझ्यापायी वाढली. ऑक्टोबरात माझा शेजारी तुला फोनवर म्हणाला की रेनो दोन दिवस दार उघडत नाही, तेव्हा तू चुलीवरचं सूप तसंच ठेवून निघालीस. सहा महिने त्या कोचावर झोपलीस, तुझी पाठ दुखत होती हे मला कळत होतं आणि मी विचारलं नाही. त्या सहा महिन्यांत ते कार्ड येऊन परत गेलं. आणि आता माझी अब्रू झाकायला तू वायनोचं घर विकणार? हा सौदा मला विचारून केलास का ताई? लहानपणी माझ्या वाटणीचा मार खायचीस तेव्हाही विचारत नव्हतीस. तेव्हा मी आठ वर्षांचा होतो.

माझा गुडघा कधी दुखलाच नाही. मी दारुडा होतो. केंद्रात दर गुरुवारी मी हे वीस अनोळखी माणसांपुढे म्हणतो, आणि आकाश काही कोसळत नाही. इल्मारीत म्हणायची वेळ आली की मात्र मी गुडघ्याआड लपतो.

सोबत तो फॉर्म आहे. मी भरलाय. चौथ्या रकान्यात गैरहजेरीचं कारण लिहायला दोनच ओळी आहेत. मी लिहिलंय: माझा भाऊ दारू सोडत होता. त्याला एकटं सोडता येत नव्हतं, म्हणून मी त्याच्यापाशी होते. केंद्राच्या डॉक्टरांचं पत्र जोडलंय, तारखांसकट. तुझी विमानाची दोन्ही तिकिटंही फळीवर सापडली. तू फक्त खाली सही कर आणि सोमवारच्या आत नेऊन दे. सही केली नाहीस तर मी स्वतः येऊन सभेत उभा राहीन आणि जास्त मोठ्यानं सांगीन. मला ऐकू येत नाही, तेव्हा मला कुणी थांबवूही शकणार नाही.

बंबावर मला बसवलं नाही तर नाही बसवलं. मी तुझ्या पायरीवर बसून मिरवणूक बघीन. पण त्यासाठी पायरी जागेवर पाहिजे.

एवढं एकदा माझं ऐक. मग जन्मभर मी तुझं ऐकीन.

तुझा
रेनो



इल्मारी
२७ जून २०२४

चि. रेनो यास,
अ. उ. आ.

सही केली. तुझं पत्र आल्यावर दोन दिवस तुझ्याशी मनातल्या मनात भांडले, तिसऱ्या दिवशी केली. पेन चालेना, म्हणून स्वयंपाकघरातल्या पेन्सिलीनं केली, तर कार्यालयातली पोरगी म्हणाली की शाईनं लागते. म्हणून तिच्यासमोर पुन्हा केली. म्हणजे दोनदा केली.

परवा सभा झाली. माझा निळा पोशाख घातला होता. सभागृहात अकरा माणसं होती, त्यांतली नऊ ओळखीची. साप्ताहिकाची मुलगी पहिल्या रांगेत वही घेऊन. माझ्या आधी अर्धा तास रस्त्याखालच्या एका नळावर वाद चालला होता, मी तो संपूच नये म्हणत होते. मग कारकुनानं माझं नाव घेतलं आणि तुझ्या त्या दोन ओळी वाचल्या. घसा खाकरून, स्वच्छ वाचल्या. मी जमिनीवरच्या फरशा मोजत होते. अध्यक्षांनी विचारलं की कुणाची हरकत आहे का. कुणाची नव्हती. त्यांनी हात वर केले, पाचही जणांनी, आणि कारकून कुत्र्यांच्या परवान्यांकडे वळला. चार मिनिटं लागली असतील. दोन महिने मी या चार मिनिटांना भ्यायले होते. आजचा अंक आलाय. सहाव्या पानावर, नळ आणि कुत्रे यांच्या मधोमध: आयली कोस्केला, राहत्या घराची सवलत पुन्हा सुरू, भावाच्या उपचारकाळात त्याच्याजवळ होत्या. बस, एवढंच.

बँकेला कौंटीचा कागद पाठवला. गोड आवाजाची मुलगीच पुन्हा भेटली. तिनं सगळं नव्यानं मांडलं. हप्ता आठशे तेरा होईल. विम्याची वाढ काही हटत नाही, ती भोगायचीच आहे. मात्र खड्डा भरला की पुढच्या वर्षी आणखी साठेक डॉलर उतरतील. आठशे तेरात माझं भागतं. शाळेनं शुक्रवारी मदतीला बोलावलंय, तेही करीन. टाकीजवळच्या घराला नाही म्हणून कळवलं. दलालाचा फोन आला तेव्हा त्याला सांगितलं की सौना तापवायला ठेवलाय, वेळ नाही.

आता खरी गोष्ट. सभेतून बाहेर आले तर अल्बिना गाडी चालू ठेवून उभी. बस म्हणाली. अकरा वर्षांनंतरचा पहिला शब्द तो. फॉर्म कुठून गेला ते मला तेव्हाच कळलं, तू नाव न लिहून काही उपयोग नव्हता. गाडीत मी तिला म्हटलं की आता गावाला तोंड कसं दाखवू. ती हसायलाच लागली. म्हणाली की अगं, दोन वर्षांपूर्वी तो आला होता तेव्हा सकाळी दहाला त्याच्या हातातला कप बशीवर वाजत होता, ते सगळ्या गल्लीनं पाहिलंय. मग तू सूप चुलीवर टाकून पळालीस, आणि परत येऊन एकाला उजवा गुडघा सांगितलास, दुसऱ्याला डावा. आम्ही काय दूधखुळे आहोत?

मी विचारलं की मग बंबाचं काय, पोरांना हे कळलं तर? ती म्हणाली की पोरांना नाताळातच कळलंय. तू केंद्रात टिकलास हे कळल्यावरच त्यांनी जानेवारीच्या बैठकीत ठरवलं की यंदा बंबावर रेनोलाच बसवायचं. आधी कधी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं ते.

यावर मी गाडीतच रडले. तिनं काच खाली केली. हिवाळाभर बर्फ कुणी उपसला तेही मी विचारलं. ती म्हणाली की पोस्टमन घसरून पडला असता तर तिचं टपाल कुणी आणलं असतं. घरी आल्यावर मी कॉफी केली, तिनं अक्रोडाचा रोल आणला होता, आणि आम्ही वायनोला अर्धा तास नावं ठेवली. जाताना तिला मागच्या दाराची किल्ली दिली. या हिवाळ्यात मी कुठे जाणार नाही, तरी असू दे तिच्याकडे.

तुझी खोली झाडून ठेवलीय. बुधवारच्या बसनं ये, मी थांब्यावर असेन. कानातलं यंत्र घेऊन ये. बँड या वर्षी चांगला आहे म्हणतात आणि तुझं नाव पुकारतील ते तुला ऐकू यायला हवं.

दिवस मोजतोस तसा लोभही मोजून बघ, कमी भरायचा नाही.

तुझी ताई,
आयली

ता. क. बंबावर चढताना लंगडू नकोस.